बिऱ्हाड

संघ मोसमभर हरत राहिला आणि सोमवारी मालकांनी हार्लन व्हिटेकला नारळ दिला. अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला यात नवल नव्हतं. आधी कॉलेजांचे संघ, मग व्यावसायिक. हार झाली की विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं. घरी पोचेपर्यंत त्याला ओक्लाहोमातल्या एका कॉलेजचा फोनही आला.

"लोर्ना, खोकी काढ गं," तो दारातूनच ओरडला. "निघायचंय."

बायको बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तू जा. मी नाही येत."

"म्हणजे मागाहून येणार?"

"नाही रे. इथल्या शेजारणीकडे माझ्या घराची किल्ली असते. इतकी जवळची बाई मला आजवर कुठल्याच गावात मिळाली नव्हती. आणि आपली लेक ज्यून आता कुठे पुन्हा हसायला लागलीये."

हरणाऱ्या पोरांना मध्यंतरात दोन शब्दांत पेटवणारा हा माणूस. पण आता त्याने एवढंच विचारलं:

"निदान ख्रिसमसला तरी याल दोघी?"

"ख्रिसमसला तुझा सामना असतो, हार्लन," ती हळूच म्हणाली.

नव्या गावाने त्याचं वाजतगाजत स्वागत केलं. बँड झाला, भाषणं झाली. मग एका पत्रकाराने आपुलकीने विचारलं, "काय कोच, घरच्यांचं बस्तान बसलं का?"

हार्लन माइकसमोर हसला.

"बसलं," तो म्हणाला. "या खेपेला अगदी कायमचं."