तिघी वापस आल्या

पवनीच्या देवकाबाईंची नजर अधू झाली, तेव्हापासून त्यांचे यजमान केशवराव रोज दुपारी त्यांना कादंबरी वाचून दाखवत. महिलांच्या वाचक मंडळात देवकाबाई त्यांचं तोंडभरून कौतुक करत.

परवा मंडळात एका गाजलेल्या नव्या कादंबरीवर चर्चा रंगली. देवकाबाई तावातावानं म्हणाल्या, "आजकालच्या लेखिका भलत्याच भित्र्या आहेत बापा! यंदा तीन कादंबऱ्या ऐकल्या. तिन्हींत बाई घर सोडून जाते, अन् शेवटी नवऱ्याची माफी मागून वापस येते. काहून?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मंडळातल्या गुंजननं पुस्तकाचं शेवटचं पान काढून मोठ्यानं वाचलं. त्यातली बाई वापस आलीच नव्हती. नागपुरात खोली करून, शिलाईचं दुकान टाकून ती मजेत राहत होती. आधीच्या दोन कादंबऱ्यांतल्या बायाही परतल्या नव्हत्या, हे मग बाकीच्यांनी सांगितलं.

गुंजननं देवकाबाईंना घरी आणून सोडलं. केशवराव नवं पुस्तक उघडून वाटच पाहत होते.

"तिन्ही शेवट काहून बदलले जी?" देवकाबाईंनी उभ्या उभ्याच विचारलं.

केशवरावांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग ते हळूच म्हणाले, "तुह्या डोक्यात भलतंसलतं येऊ नये म्हणून."

देवकाबाई म्हणाल्या,

"चाळीस वर्षं झाली, मी हे घर सोडून कुठी गेली जी? अन् तुमाले कागदावरच्या बाईचं भेव वाटलं?"