हात न लागलेली माती

"इथेही एकदा बघा," काकू म्हणाल्या.

माती तपासणाऱ्याने खड्ड्यातूनच मान वर केली. सकाळपासूनचा हा पाचवा खड्डा होता. एवढ्याशा घराला तीन पुरतात.

"काकू, घर बांधताय की विहिरी?" खणणाऱ्या दोघांपैकी थोरला कुदळीवर रेलून म्हणाला.

काका हसले. "अरे, ही भाजीसुद्धा सात ठिकाणी दाबून बघते. लग्नाआधी मला किती वेळा बघून गेली, ते विचार."

काकू हसल्या नाहीत. त्यांची नजर खड्ड्यात होती.

माती तपासणारा शांत स्वभावाचा होता. कुणी विचारलं की बैजवार समजावून सांगायचा. त्याने चाकूने खड्ड्याची बाजू खरवडली. "हे बघा. वर काळी माती, मग पिवळसर, तळाला मुरूम. थर कसे सरळ गेलेत? माती एकदा उकरली ना, की परत भरताना सगळं एकमेकांत मिसळतं. मग कितीही चोपा, कितीही वर्षं जाऊ द्या, हे थर पुन्हा लागत नाहीत. बघणाऱ्याला कळतंच."

"नक्की कळतं?"

"न कळायला काय झालं? तशी जागा सापडली, की समजायचं, इथे पूर्वी कुणीतरी खणलंय. घर तिथेच खचतं."

"आणि इथे?"

"इथे कुणाचं फावडंही लागलेलं नाही. निवांत राहा."

पण काकू काही निवांत झाल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या कुंपणाच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आता इथे."

"तिथे तर नकाशात काहीच नाही, काकू."

"पाण्याची टाकी येणार आहे," काका घाईने म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशात भिंतीलगत एक चौकोन ओढला.

माती तपासणाऱ्याने वाद घातला नाही. राहतं घर विकून दोघांनी ही जागा घेतली होती आणि आता ते भाड्याच्या एका खोलीत राहत होते. माती दगा देणारी निघाली, तर या वयात जायचं कुठे? माणूस धास्तावणारच.

सहाव्या खड्ड्यातही थर सरळ होते. त्याने मूठभर माती पाण्यात मळून तिची बारीक वळी केली. वळी लगेच तुटली. "फुगणारी माती नाही. उत्तम."

"भरावाच्या मातीत काय काय सापडतं हो?" काकूंनी विचारलं.

"विटांचे तुकडे, प्लास्टिक, चिंध्या. लोक काहीही पुरतात."

"चिंध्या कुजत नाहीत?"

"सुती असतील तर कुजतात. नायलॉनला वीस वर्षं काही होत नाही."

काकूंनी मान हलवली, शहाण्या विद्यार्थिनीसारखी.

सातव्या खड्ड्यात कंबरभर खोलीवर कुदळ एकदम आत गेली. "साहेब, इथे भुसभुशीत लागतंय," थोरला म्हणाला.

काकूंनी काकांची बाही घट्ट धरली. मग कुणाला काही कळायच्या आत त्या बसत, सरकत खड्ड्यात उतरल्या आणि हातांनीच माती बाजूला करू लागल्या.

"अगं, त्यांना बघू दे," काका म्हणाले.

माती तपासणाऱ्याने काकूंना हलकेच मागे केलं. काळसर भुगा बोटांत चोळला, हुंगला. "घाबरू नका. जुन्या झाडाचं मूळ कुजलंय. आजूबाजूला थर शाबूत आहेत, बघा."

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वर यायला दोघांनी हात द्यावा लागला.

काकांनी नकाशात आणखी एक ओटा काढला, मग मागच्या दाराची पायरी. आठवा खड्डा झाला, नववाही झाला. खणायला नवी जागा उरली नाही, तेव्हा माती तपासणाऱ्याने हात धुतले. एवढं सरळ काम त्याला फार दिवसांनी मिळालं होतं.

"काका, काकू, अभिनंदन. अशी जमीन नशिबानेच मिळते. या अख्ख्या जागेत कुठेही, कधीही, कुणीही खणलेलं नाही. हे मी सहीनिशी लिहून देतो."

काकू मातीच्या ढिगावर बसल्या.

"लिहून नका देऊ," त्या म्हणाल्या.

"अहो, पण घराच्या परवानगीला लागेल ना?"

काकांनी नकाशाची चार पदरी घडी घातली. "घर नाही बांधायचं. आधीचा मालक इथे खणू देत नव्हता, म्हणून आम्ही जागाच विकत घेतली."

"खणायला?"

"तुरुंगात मरताना एक कैदी शपथेवर सांगून गेला होता," काका म्हणाले, "की आमच्या मुलीला त्याने इथेच पुरलंय."