वळणावरचा हॉर्न

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायची परीक्षा होती. पास झाली तर दीपमालाला गाडीची खुर्ची, नापास झाली तर पुन्हा पॅकिंगचं टेबल, असा सरळ हिशेब. "वळणावर हॉर्न दिला नाही की नापास," असं परीक्षा घेणाऱ्या सुमंत सरांनी आधीच बजावलं होतं.

तिनं मालानं भरलेलं लाकडी पॅलेट अलगद उचललं, गोदामाच्या वळणापर्यंत आणलं आणि गाडी थांबवली. वाटेत पाठमोरे उभे होते तात्या, फौजेतून निवृत्त होऊन गेटवर सिक्युरिटीला लागलेले तिचे सख्खे सासरे. आता सासऱ्यावर हॉर्न मारायचा तरी कसा? घरात चहा झाल्याचं सांगायचं असलं, तरी ती दाराआडून बांगड्या वाजवायची. इथंही तिनं बांगड्याच वाजवल्या. तात्या ढिम्म. मग खाकरून पाहिलं. तात्या ढिम्मच.

सरांनी पेन उघडलं.

"कोन हाय का मागं?" तात्या न वळताच म्हणाले. "मला तर काय बी ऐकू येईना."

दीपमालानं पदर सावरावा तसं हेल्मेट सावरलं आणि हॉर्न असा दाबला, की कँटीनमधली माणसं बाहेर आली. तात्या झटकन बाजूला झाले.

सर्टिफिकेटवर सही करताना सरांना राहवलं नाही. "तात्या, कान कधीपासून गेले हो?"

"आत्ताच की," तात्या म्हणाले. "सूनबाईच्या बांगड्या ऐकल्या, तवापासनं."