मीठदाण्यांचा धंदा

"धंदा लिही," आर्डिस म्हणाली.

"छंद लिही," तिचा नवरा व्हर्लिन म्हणाला.

जोएलेननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. आयोवातल्या त्या लहानशा गावात निम्म्या लोकांचे कराचे कागद तीच भरायची. मार्च उजाडला की जो तो येऊन विचारायचा, कर कमी कसा होईल ते सांग. जास्त भरू दे म्हणून हटून बसलेली बाई ती पहिल्यांदाच पाहत होती.

प्रकरण होतं मीठदाण्यांचं. जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरपुडीसाठी ठेवतात त्या चिनी मातीच्या जोड्या. कोंबडा-कोंबडी, गाय-वासरू, चर्च आणि पाद्री. आर्डिसनं त्या हौसेनं जमवल्या होत्या. गेल्या वर्षी ती त्या इंटरनेटवर विकायला लागली, आणि विकून देणाऱ्या कंपनीनं वर्षाची विक्री सरकारला कळवून टाकली.

"घरातल्या जुन्या वस्तू घेतल्या त्याहून स्वस्तात विकल्या असतील, तर कर लागतच नाही," जोएलेननं वाट दाखवून पाहिली.

"घरातल्या केव्हाच संपल्या," आर्डिस म्हणाली. "मग मी चर्चच्या जुन्या बाजारातून, लोकांच्या गॅरेजमधून डॉलरला जोडी आणायला लागले. वीसला विकते. एक आठवडा चुकवला नाही. पै-पैचा हिशोब आहे."

"नफ्यासाठी, नेमानं आणि हिशोब ठेवून. मग हा धंदाच दिसतोय," जोएलेन म्हणाली. "पण धंदा म्हटलं की नेहमीच्या करावर आणखी एक कर बसतो. पेन्शनचा आणि म्हातारपणच्या दवाखान्याचा. नफ्याच्या पंधरा टक्के धरा. छंदाला तो लागत नाही."

"ऐकलंस?" व्हर्लिननं मांडीवर थाप मारली. "मातीच्या कोंबड्या, आणि अंडी सरकारच्या टोपलीत! अगं, मी चाळीस वर्षं वेल्डिंगचं वर्कशॉप चालवलं. रोख पैसे खिशात आणि कागदावर दरवर्षी तोटा. दमडी दिली नाही कुणाला!"

"तुमच्या कागदांवरून तर तुमचं वर्कशॉपच छंद वाटायचं," जोएलेन म्हणाली. यावर सगळ्यात मोठ्यानं व्हर्लिनच हसला.

आर्डिस हसली नाही. "तो जादा कर माझ्या एकटीच्या नावावर जमा होतो ना? आमचा नवरा-बायकोचा फॉर्म एकत्र असला तरी?"

"हो. कमाई तुमची, म्हणजे तुमच्याच नावावर."

"मग लिही."

जोएलेन पुरती गोंधळली. ही बाई काटकसरी होती. चहाची पुडी दोनदा वापरणारी. ती हौसेनं कर का भरेल?

मग तिला आठवलं. लहानपणी शाळेत तिच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढायची ती आर्डिसच. नऊ वर्षं ती त्या स्वयंपाकघरात होती. मग व्हर्लिन म्हणाला, वर्कशॉपवरच्या माणसांना जेवायला कोण घालणार? आणि आर्डिसनं नोकरी सोडली. तेव्हापासून गावात तिची ओळख एकच, वेल्डरची बायको. आता म्हातारपणी कुठे तिचं स्वतःचं काहीतरी उभं राहिलं होतं, आणि नवरा त्याला खेळ म्हणत होता.

जोएलेनला भरून आलं. तिला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. तिनं खुर्ची व्हर्लिनकडे वळवली.

"व्हर्लिन, जाऊ द्या ना. कायद्यानंही धंदाच होतो हा. आणि बाईच्या कष्टांना एकदा तरी नाव मिळू द्या की. हजारभर डॉलरनं तुम्ही काही भिकेला लागत नाही."

व्हर्लिननं टोपी काढून डोकं खाजवलं. बायकोकडे पाहिलं. चेहरा हळूहळू सैल झाला.

"बरं, शेठाणीबाई. आता मला नोकरीला ठेवाल का? खोकी उचलीन."

"सही कर आधी," आर्डिस म्हणाली.

त्यानं सही केली. तिनंही केली. व्हर्लिननं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मी पुढे होऊन ट्रक गरम करतो. गार सीटवर बसली की हिचे गुडघे धरतात," असं जोएलेनला सांगून तो बाहेर पडला.

दार लागल्यावर जोएलेन म्हणाली, "किती जपतात हो तुम्हाला! आता तरी खूश?"

"दहा झाली ना पण?" आर्डिसनं विचारलं.

"काय दहा?"

"वर्षं. पेन्शन मिळायला दहा वर्षांचा कर लागतो. शाळेतली नऊ आणि हे एक."

जोएलेननं मनात बेरीज केली. म्हणजे मानापमानाचा प्रश्नच नव्हता. "झाली. पण एरवी नवऱ्याच्या पेन्शनमधूनही बायकोला अर्धी..."

"त्यानं कधी कर भरलाय? शून्याचं अर्धं किती होतं, पोरी?"

"खरंच की!" जोएलेनच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला, आणि तिला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. नवऱ्याची चूक हिनं मातीच्या कोंबड्या विकून निस्तरली होती, आणि त्याला बोलूनही दाखवलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही दोघांच्या म्हातारपणाची सोय केलीत!"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. आर्डिसनं हातमोजे चढवले आणि एकेक बोट नीट ओढून बसवलं.

"दोघांच्या नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझा फॉर्म वेगळा भर, पत्ताही वेगळा असेल. त्याला मी रविवारी सांगणार आहे."