केरबाची भट्टी

ऋषिराजने बाहेर जाऊन गॅसचा मुख्य कॉक तिसऱ्यांदा तपासला. परत आला तेव्हा त्याची मदतनीस शेफ सई दारातच उभी होती.

"सर, मी आत्ताच बघितला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

साताऱ्याजवळच्या हायवेवर त्याचं स्वतःचं हॉटेल चार दिवसांनी उघडणार होतं. पुण्यात कांदे सोलण्यापासून सुरुवात केलेला माणूस परदेशी जहाजांवर मुख्य शेफ होऊन परतला होता. त्याच्या शिस्तीचं सगळ्यांना कौतुक. ही शिस्त कुठून आली ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

भट्टी पेटवायच्या आधी त्याला केरबा दिसायचा. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. बोलायचा नाही. भट्टीकडे बघत उभा राहायचा. जाळ लागला की नाहीसा व्हायचा. चौदा वर्षं, प्रत्येक स्वयंपाकघरात, समुद्रावरसुद्धा.

कुपवाडच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये केरबा मुख्य आचारी होता. त्याची बायको भामाबाई तिथेच भाकऱ्या करायची, आणि विशीतला ऋषिराज हाताखाली होता. मिरचीच्या धुरात आयुष्य काढून केरबाला वास येईनासा झाला होता, पण आमटीचा नुसता रंग बघून तो मीठ सांगायचा. अख्खा मसूर त्याच्यासारखा कुणी करत नव्हतं. रागीट होता. चुकलं की हातात असेल ती पळी फेकून मारायचा. ऋषिराजला त्याचं वाईट वाटायचं नाही. गुरू असाच असतो, असं त्याला वाटायचं.

भट्टीचं गॅसचं बटण ढिलं झालं होतं, बंद केलं तरी त्यातून गॅस झिरपायचा. म्हणून संध्याकाळी बाहेरचा मुख्य कॉक बंद करून त्याच्या पेटीला कुलूप घालायचं काम ऋषिराजचं होतं. एके संध्याकाळी त्याला पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून नोकरीचा फोन आला. त्या आनंदात त्याने भांडी लावली, फरशी धुतली, सायकल काढली. सगळं त्याला लख्ख आठवत होतं. कॉकवर ठेवलेला हात तेवढा आठवत नव्हता.

सकाळी केरबा नेहमीसारखा एकटाच आधी आला आणि त्याने भट्टीपाशी विडीसाठी काडी ओढली.

पाईप गळत होता, असं सगळे म्हणाले. ऋषिराजला कुणी काही विचारलं नाही. तेराव्याच्या आत तो पुण्याला गेला.

हॉटेलच्या पूजेच्या दिवशी गुरुजींनी पहिली भट्टी त्याला पेटवायला सांगितली. केरबा समोर उभा होता. या वेळी भट्टीकडे नाही, त्याच्याकडे बघत होता. ऋषिराजचा हात पुढे जाईना. शेवटी सईने भट्टी पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने गाडी काढली आणि कराड, ताकारी करत कुंडल गाठलं.

भामाबाई भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहत होती. ओट्यावर मसूर निवडत बसली होती. तिने त्याला लगेच ओळखलं.

"बस रं. लय मोठा झालास म्हणं. टीव्हीवर बघितला."

तिने पाणी दिलं. तांब्या पुढे करताना पदर सरकला. दंडावर जुने पांढरे चट्टे होते, एकाखाली एक, सगळे पळीच्या दांड्याएवढे रुंद. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईचे हात, असं त्याच्या मनात आलं. आत भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. केरबाचा फोटो त्याला कुठे दिसला नाही.

"काकी, मी एक सांगायला आलोय."

"सांग की."

"त्या दिवशी कॉक बंद करायचं काम माझं हुतं. मी केला नव्हता."

तिचा हात थांबला नाही. मसुरातला एक खडा तिने बाजूला टाकला.

"न्हाई केलास, असं आठवतंय तुला?"

"केला, असं आठवत न्हाई."

"आणि चौदा वर्सं हे घेऊन फिरतुयास?"

"मला ते दिसत्यात काकी. भट्टीपाशी. रोज."

आता तिने सूप खाली ठेवलं.

"मला ठावं न्हवतं रं," ती हळू म्हणाली. "पाईप गळला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मला वाटलं, तूबी सोडलं असशील. ठावं असतं तर कवाच निरोप धाडला असता."

"कसला निरोप?"

"तू कॉक बंद केला हुतास. माझ्या डोळ्यांदेखत. पेटीला कुलूप घातलंस, किल्ली माझ्या हातात दिलीस. तुझं ध्यानच न्हवतं. पुण्याचंच बोलत हुतास."

ऋषिराजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत राहिले. भामाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो सावरेपर्यंत तसाच राहू दिला. शेजारच्या उसात कुणीतरी मोटर चालू केली. पाटाला पाणी आलं.

"म्हणजे पाईपच गळत हुता," डोळे पुसत तो म्हणाला.

भामाबाईने सूप परत मांडीवर घेतलं.

"पाईप धड हुता," ती म्हणाली. "तू गेल्यावर मी कुलूप काढून कॉक उघडला."