सुईनं दाबायचं बटण

बायको लंकाबाई वारल्यापासून मी मिरजगावच्या घरात एकटाच असतो. पोरगी पंकजा संगमनेरहून पडवीतल्या कॅमेऱ्यातून माझ्याकडे लक्ष ठेवते. परवा तो बंद पडला, तेव्हा तिनं फोनवरूनच मला स्टुलावर चढवलं.

“आबा, कॅमेऱ्याच्या खाली बारीक भोक आहे. आतलं बटण सुईनं दाबून धरा, म्हणजे रिसेट होईल.”

“दाबतोय, पण सुईच आत जाईना.”

“काहीतरी अडकलं असेल. चष्मा लावून बघा.”

चष्मा लावून पाहिलं. भोकात कुंकू वाळून बसलं होतं.

गेल्या दसऱ्याला लंकाबाईनं कोयता, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि शेवटी याच स्टुलावर चढली. मी म्हणालो, “काचेला लावू नको, पोरीला सगळं लाल दिसंल.”

“मग बुडाला लावते. घर राखतंय ते, त्याला सोडून कसं चालंल?” असं म्हणत तिनं ओलं बोट टेकवलं. त्या बोटाचा ठसा अजून तसाच होता.

“आबा, काय आहे आत?”

“कचरा हाय थोडा.”

“मग खरवडून काढा ना. तुम्ही दिसत नाही, तर माझा जीव थाऱ्यावर नाही.”

“सुई मोडली गं.”

“दुसरी घ्या.”

“घरात एकच हुती,” मी म्हणालो, आणि सुई सदऱ्याला टोचून खाली उतरलो.