कोरडे पाय

मांडवात पाटावर बसले आणि दोन्ही पाय ऐटीत पुढे केले. टाचा सकाळीच वज्रीने घासल्या होत्या, जोडवी चिंचेने उजळली होती. शेवटच्या मुलाचं लग्न. विहिणीकडून पाय धुऊन घ्यायचा मान आता पुन्हा कुठला मिळायला!

विहीणबाई आल्या त्या रिकाम्या हातांनी. ना तांब्या, ना परात.

"पाणी कुठाय?" मी विचारलं.

"अहो, तुमच्या भाषणापासून आमच्या गावाने ही रीतच मोडली," त्या म्हणाल्या. "थोरलीच्या लग्नात पाणी गार आहे म्हणून तिच्या सासूने मला भर मांडवातून परत पाठवलं होतं. तुम्ही बोलत होता, तेव्हा मी मागे बसून पदर तोंडात धरून रडले."

झाली का पंचाईत! बचत गटाच्या मेळाव्यात पाहुण्या बाई आल्या नाहीत, म्हणून मला माइकपुढे ढकललं होतं. मीही गरजले, "पोटची पोर द्यायची आणि वर पायही धुवायचे?" टाळ्या पडल्या, तशी आणखी चढले. दोन बुकं शिकलेली मी. माझ्या तोंडाने गाव बदलतं, हे कुणी आधी सांगायचं तरी!

जाऊ कानाशी लागली, "अक्का, पाय कोरडेच राहिले की!"

"गप बस. भाषण माझंच आहे," म्हटलं आणि पाय लुगड्याखाली ओढले. विहीणबाईंना हात धरून शेजारी बसवलं.

पाट एकीपुरताच होता. अर्धी मी जमिनीवर आले.